काढलं

"अगं, दिवा जरा इकडे धर," मेव्हणा म्हणाला, आणि तिच्या हातातला दिवा होता तिथेच राहिला.

अगं! दोन वर्षांत ह्या माणसाच्या तोंडून तिच्यासाठी 'मॅडम'शिवाय शब्द निघाला नव्हता. मॅडम, हेलियम आलं. मॅडम, पंप बंद करतोय. मॅडम, इथे सही. तीही काही कमी नव्हती. तीही त्याला 'सर' म्हणायची, आणि तेसुद्धा असं की ऐकणाऱ्याला वाटावं, हिच्या घासात खडा आला. एकेकाळी घरात ती त्याला भावोजी म्हणायची, तेव्हा तो तिला अगं म्हणायचा, आणि मधे ताई बसलेली असायची, दोघांच्या बोलण्यातलं एक अक्षर न कळता खो खो हसणारी. ते सगळं संपलं. आणि आज हा माणूस पांढऱ्या झग्यात, डोक्याला टोपी, तोंडाला फडकं, नुसते डोळे तेवढे उघडे, आणि त्या फडक्याआडून खुशाल 'अगं' म्हणतो! तिच्या तळपायाची आग मस्तकात गेली. चुकून निघाला असेल, असं तिने स्वतःला सांगून पाहिलं. पण चुकून निघाला असेल तर ते जास्तच वाईट. म्हणजे आत कुठेतरी तो तसाच राहिला होता, भावोजी, तिला न विचारता. तिने दिवा धरला. मुद्दाम दोन बोटं डावीकडे धरला.

"इकडे," तो म्हणाला.

"दिसतंय की," ती म्हणाली.

टेबलावर टाकी आडवी होती. पाण्याच्या पिंपाएवढी, एका बाजूला पोचा पडलेली, स्क्रूंच्या खाचांत अजून माती. तीन आठवड्यांपूर्वी ती रॉकेटच्या नाकात बसून वर गेली आणि पॅराशूटला लटकून खाली आली. जाऊन येऊन पंधरा मिनिटं, त्यांतली पाच हवेच्या वर. क्ष-किरणांना हवा सोसत नाही, वाटेतच विरून जातात, म्हणून तर हा एवढा खटाटोप. टाकीच्या पोटात नखाएवढा डिटेक्टर, छत्तीस चौकोनांचा, आणि तो इतका गारठवलेला की त्याच्याहून गार जागा शोधायला आकाशभर हिंडलात तरी मिळायची नाही. एक किरण येऊन आदळला की एक चौकोन कणाच्याही कणभर तापतो. ते तापणं मोजायचं. बस, एवढंच काम. ह्या एवढ्याशा कामापायी तिने नऊ वर्षं जिवाचं रान केलं होतं. छत्तीसच्या छत्तीस चौकोनांच्या तारा तिने स्वतःच्या हातांनी जोडल्या होत्या, भिंगाखाली, श्वास रोखून. मग ते सगळं हलवणीच्या टेबलावर बांधायचं आणि रॉकेट हलवील तसं गदागदा हलवायचं. की एक तार तुटलीच. की पुन्हा पहिल्यापासून. आईला काही केल्या हे पटत नसे. "पाच मिनिटांच्या कामाला नऊ वर्षं?" ती म्हणायची. "एवढ्यात पोर झालं असतं आणि चौथीत गेलं असतं." आणि हेलियमचे सिलिंडर आणून टाकणारा तो जाडा माणूस, त्याने तर टाकीचं नावच 'नवरी' ठेवलं होतं. "निघाली का नवरी?" दर वेळी हेच विचारायचा. "नाही? पुन्हा रुसली? मग आणा आणखी दोन सिलिंडर, आमचं काय जातंय!"

मागच्या खेपेला निघाली तेव्हा वर जाताजाताच तार तुटली होती. यंदा पुन्हा निघाली. वर गेली, झडप उघडली, डिटेक्टर ठणठणीत चालला, एक तार तुटली नाही. हजारो वर्षांपूर्वी फुटलेल्या एका ताऱ्याचा धूर अजून आकाशात पसरतोय, त्यात लोखंड किती, गंधक किती, हे पाच मिनिटांत मोजून आणायचं होतं. आणि पाचही मिनिटं छत्तीस चौकोनांनी काय पाहिलं? पिल्लू! स्वतःच्याच घरातलं, शर्टाच्या बटणाएवढं पिल्लू. पडद्यावर एकच रेघ, उंच, सरळ, तिच्या ओळखीची. बाकी ताऱ्याचं नखसुद्धा दिसलं नाही.

पिल्लू म्हणजे किरण सोडणाऱ्या धातूची टिकली. तिच्यातून निघणाऱ्या किरणांचं माप आधीच ठाऊक असतं, म्हणून डिटेक्टर बरोबर मोजतोय की नाही हे तिच्यावरून पडताळतात. टाकीच्या झडपेला पातळ धातूची खिडकी असते. खिडकीबाहेर, एका छोट्या दांडीच्या टोकाला, ही टिकली बसवायची. मोजायचं नसेल तेव्हा तिच्यावर पितळेचं झाकण. ही नावं ठेवली ताईने. ती एकदा डबा विसरलेल्या नवऱ्याच्या मागे डबा घेऊन इथवर आली होती आणि काचेतून बघून म्हणाली होती, "अय्या, पिल्लूच की हे, टोपडं घातलेलं!" तेव्हापासून सगळ्या खात्यात टिकलीचं पिल्लू झालं आणि झाकणाचं टोपडं. परगावच्या तज्ज्ञांसमोरसुद्धा पिल्लू आणि टोपडंच. ताईला मूल नव्हतं आणि ती हे शब्द बोलताना इतकी सहज हसली होती की तिला, धाकटीला, कुठे बघावं ते कळलं नव्हतं.

उड्डाणाच्या दिवशी मेव्हणा वर, रॉकेटच्या शिडीवर, बाजूच्या झरोक्यातून आत हात घालून. ती खाली खोलीत, पडद्यासमोर, कानाला हेडफोन, पुढ्यात कामांची यादी. पिल्लू टोपडं घालून बसलेलं. एक चौकोन जरा कुरकुर करत होता, तेव्हा ती म्हणाली, "पुन्हा एकदा मोजू या." मग चौकोन आपसूकच शांत झाला, आणि ती म्हणाली, "राहू दे." वर पंपाची घरघर. हे 'राहू दे' त्याला ऐकूच गेलं नाही. त्याने मोजणीसाठी टोपडं उचललं. तिने यादीतल्या पुढच्या ओळीवर बोट ठेवलं: पिल्लू काढणे. आणि विचारलं, "काढलं?"

"काढलं," तो म्हणाला.

पिल्लू काढलं का, टोपडं काढलं का, कोण काढतंय, काय काढतंय! दोन माणसं धड बोलत असती तर एकाने तरी म्हटलं असतं, काय काढलं, बाबा? पण ह्यांचा तर दोन वर्षांचा अबोला. कामापुरतं बोलायचं, तेही मोजून. जो शब्द गाळता येईल तो गाळायचा. पिल्लू हा शब्द तर दोघांच्याही घशात अडकायचा. म्हणून नुसतं काढलं. यादीत खूण झाली, त्याने मोजणीपुरता म्हणून लोटलेला झरोका यादीच्या घाईत तसाच कसून बंद झाला, आणि पिल्लू उघड्या डोक्याने आकाशात गेलं.

हे सगळं आज चार वाजेपर्यंत कागदावर जायचं होतं. वरच्या कार्यालयाचं पत्र आलं होतं. दुसऱ्या एका चमूचं रॉकेट मोकळं आहे, दोन महिन्यांनी टाकी पुन्हा उडवता येईल. मात्र चूक कुणाची ते नावानिशी कळवा, दोघांच्या सहीने, आणि ज्याचं नाव असेल त्याने यापुढे टाकीला हात लावायचा नाही. दोघांचं मिळून चुकलं, असलं गुळमुळीत चालणार नाही, हेही लिहिलं होतं. म्हणजे एक राहणार आणि एक जाणार. पिल्लाला एकट्याने हात लावायचा नाही असा नियम असल्यामुळे झरोका उघडायला दोघंच आली होती, आणि मघापासून एक एक स्क्रू निघत होता, आणि ती त्या स्क्रूंकडे बघत मनात एकच वाक्य घोळवत होती. तुम्ही 'काढलं' म्हणालात, सर. आवाजाची नोंद आहे. हात तुमचा आत होता. माझा नव्हता. हे वाक्य तिने तीन आठवडे घासूनपुसून ठेवलं होतं. ह्या माणसाला टाकीपासून दूर झालेला बघायचं, रिकाम्या हातांनी काचेबाहेर उभा असलेला, हे तिला किती हवं होतं ते तिचं तिलाच माहीत.

हवं का नसावं? दोन वर्षांपूर्वी, ह्याच्या आधीच्या उड्डाणाला, दोघंही अशीच महिनाभर रॉकेट उडवायच्या माळरानावर. ताई इकडे, शहरात. तिच्या पोटात दुखत होतं, पण ते गेलं वर्षभर दुखत होतं; तपासण्या चालू होत्या, "तुम्ही जा गं दोघं, मी काय पळून जातेय?" असं तीच म्हणाली होती. उड्डाणाच्या दिवशी सकाळी दहाला इस्पितळातून मेव्हण्याला फोन आला. ताईला आणलंय, लवकर या. तो माणूस फोन ठेवून आला आणि म्हणाला, "हं, दाब किती दाखवतोय?" तिला आठवतं, तिने आकडा सांगितला. जेवायला बसली तेव्हा त्याने पाव मागून घेतला. दुपारी एकदा तो बराच वेळ शिडीखाली उभा होता आणि तिला वाटलं, उन्हाने थकला असेल. तिने स्वतः जाऊन पाण्याची बाटली दिली. पाण्याची बाटली दिली तिने त्याला! संध्याकाळी सातला रॉकेट गेलं, लोकांनी टाळ्या पिटल्या, आणि मग तो तिच्याजवळ येऊन म्हणाला, "ताईचं जरा जास्त आहे, निघू या." नऊ तास. दहाला निघाली असती तर चारला पोहोचली असती. ताई सहाला गेली. शेजारणीने सांगितलं की सारखी विचारत होती, दोघांतलं कुणी आलं का. नुसतं नवरा आला का, असं नव्हे. दोघांतलं कुणी. मग कळलं की त्याने का नाही सांगितलं: ती निघून गेली असती तर डिटेक्टर सांभाळायला दुसरं कुणी नव्हतं, उड्डाण रद्द झालं असतं. त्याने हे लपवलंही नाही. "मला वाटलं, एवढं नसेल," तो म्हणाला. वाटलं! आणि आई? आईने आठ दिवसांत त्याला पदरात घेतलं. रविवार आला की स्वारी औषधं घेऊन हजर, आईचे पाय दाबतो, पंखा दुरुस्त करतो. "तो तरी काय करील बिचारा," आई म्हणते. रविवारी ती स्वतःच्याच घरात स्वयंपाकघराबाहेर येत नाही.

"दोन राहिले," मेव्हणा म्हणाला. स्क्रू म्हणत होता तो. खिडकीबाहेर रस्त्यापलीकडे टायरच्या दुकानातला माणूस ट्यूब पाण्यात बुडवून भोक शोधत होता. बुडबुडा आला की बोट ठेवायचं, खडूने खूण करायची. किती सोपं काम, तिला वाटलं. तिचा हात दिवा धरून अवघडला होता आणि हातमोज्याच्या आत घाम जमला होता. तिला भीती वाटत होती. झरोक्यात पिल्लू असणार हे दोघांनाही पाठ होतं; त्याची भीती नव्हती. भीती दुसरीच होती, आणि ती अशी की तिने पाहिलं होतं.

त्याने 'काढलं' म्हटल्यावर पडदा मुका व्हायला हवा होता. झाला नाही. उलट तिच्या डोळ्यांदेखत रेघ उगवली, तिच्या नेहमीच्या जागी, मुळा वाढावा तशी. चाळीस सेकंदांनी टाकी रॉकेटच्या बॅटरीवर गेली आणि पडदा विझला. ह्या चाळीस सेकंदांत ती काय करत होती? ते तिने स्वतःला शंभरदा विचारलं. आधी तिला वाटलं, पडदा मागे पडलाय, जुनंच दाखवतोय. मग वाटलं, नाही. मग तोंड उघडलं. 'थांबा' हा शब्द जिभेवर आला, अगदी दातांपर्यंत आला, आणि तिला दिसलं की तो वर शिडीवर आहे, त्याला काहीच माहीत नाही, आणि तिला माहीत आहे. आयुष्यात पहिल्यांदा हे असं उलटं झालं होतं. ती ते नुसतं धरून बसली, एक क्षण, आणखी एक क्षण. दातखीळ बसली म्हणा. पडदा विझल्यावर उड्डाणाला दोन तास होते. दोन तास ती प्लास्टिकच्या खुर्चीवर बसून बिस्किटं खात होती, आणि प्रत्येक बिस्किटाला म्हणत होती, एवढं संपलं की सांगते. नऊ वर्षांचं स्वतःचं काम! वेडी होती का ती? रॉकेट गेलं तेव्हा तिला रडू आलं आणि लोकांना वाटलं, आनंदाने रडतेय.

शेवटचा स्क्रू निघाला. झरोक्याचं झाकण त्याने दोन्ही हातांनी उचललं. ह्या वेळी तिने दिवा नीट धरला. आत दांडीच्या टोकाला पिल्लू होतं, बोडकं, चकचकीत, पंधरा मिनिटांच्या प्रवासाने काही न झालेलं. खाली तळाला टोपडं पडलं होतं. त्याने ते खिशात टाकायचं सोडून तिथेच ठेवलं होतं, मोजणी झाल्यावर पुन्हा घालायला.

"आहे," तो म्हणाला.

"आहे," ती म्हणाली, आणि घासूनपुसून ठेवलेलं वाक्य काढलं. "तुम्ही 'काढलं' म्हणालात, सर. आवाजाची नोंद..."

"म्हणालो. लिहिलंय तसं." त्याने चिमट्याने पिल्लू काढून शिशाच्या डबीत ठेवलं, टोपडं ठेवलं, डबी बंद केली. मग हातमोजे काढून टेबलाखालच्या कप्प्यातून कागद काढला. छापलेला, तयार. तिने वाचला. चूक प्रमुखाची, म्हणजे त्याचीच, त्याचं नाव, खाली त्याची सही. यापुढे डिटेक्टर आणि उड्डाण दोन्ही हिच्याकडे सोपवावं, अशी शिफारससुद्धा होती. तिची सही तेवढी राहिली होती. तिला एकदम हलकं वाटलं, आणि लगेच संशय आला. हा माणूस असा सुखासुखी हात वर करणारा नव्हता.

"असं का?" तिने विचारलं.

त्याने तोंडावरचं फडकं हनुवटीखाली ओढलं. किती दिवसांनी तिने त्याचं आख्खं तोंड इतक्या जवळून पाहिलं. म्हातारा झाला होता मेला. "पडदा दर दहा सेकंदांनी चित्र साठवतो," तो म्हणाला. "तुला माहीत नव्हतं. मीच बसवून घेतलं होतं मागे. चार चित्रं आहेत, चारींत रेघ आहे. आणि यादीतली खूण तुझी आहे, वेळ टाकून."

दिवा तिने हळूच टेबलावर ठेवला.

"पुसून टाकलीत मी," तो म्हणाला. "कुणाला कळायचं नाही. घाबरू नकोस. मला राग नाही आला गं. खरं सांगू? बरंच वाटलं. तू दोन तास गप्प बसलीस, मी नऊ तास बसलो होतो. माझ्यापायी तुझी ताई गेली, तुझ्यापायी माझं उड्डाण गेलं. आता मी बाहेर पडतो, तू उडव. झाली ना फिट्टंफाट? आता तरी झाली ना?" त्याच्या डोळ्यांत पाणी होतं आणि तो चक्क हसत होता.

फिट्टंफाट! पोरं भांडतात, एक चिमटा तू काढलास, एक मी काढला, त्याला म्हणतात फिट्टंफाट. ती त्याच्या तोंडाकडे बघत राहिली आणि तिला सगळं स्वच्छ कळलं. ती चार चित्रं सापडली त्या दिवशी ह्या माणसाला गाढ झोप लागली असणार. उड्डाण फुकट गेलं, नऊ वर्षं फुकट गेली, तरी हा सुटल्यासारखा झाला. म्हणून तर आज खुशाल अगं. तिचा तो चाळीस सेकंदांचा हलकटपणा ह्याने उचलला आणि ताईच्या मरणाशेजारी मांडला, आणि म्हणतो, बघ, सारखेच की! आणि ती सही करील तर ते सारखेच होणार. ह्यापुढे तो रविवारी येईल, पंखा दुरुस्त करील, आणि तिच्याकडे बघून असाच हसेल, दोघंही त्यातलेच म्हणून. अंगाचा नुसता तिळपापड झाला तिच्या. तिला टाकी हवी होती. ते छत्तीस चौकोन हवे होते, ती पाच मिनिटं हवी होती. एक सही. पेन तिच्या झग्याच्या खिशात होतं.

तिने पेन काढलं. त्याच्या नावावर रेघ ओढली, सावकाश, कागद फाटणार नाही अशी. वर स्वतःचं नाव लिहिलं, आडनावासकट, हुद्द्यासकट. कारणाच्या जागी लिहिलं: पडद्यावर रेघ दिसत असूनही दोन तास सांगितलं नाही. मग शिफारशीची ओळ खोडली आणि खाली सही केली.

"हे काय? अगं, हे काय केलंस?" तो कागदावर झडप घालायला आला. तिने कागद उचलून धरला.

"झालं ते लिहिलं."

"पण चित्रं पुसली मी! पुरावासुद्धा नाही!"

"पुरावा मी आहे."

"तुझ्याशिवाय उडणार नाही हे. तार तुटली तर कोण जोडणार? माझा हात थरथरतो, तुला माहीत आहे."

"माहीत आहे."

"मग कशाला? आपलं फिटलं होतं ना?"

"माझं चुकलं, ते मी फेडलं," ती म्हणाली. "आत्ता, तुमच्यासमोर. तुमचं तुमच्यापाशी राहू द्या. त्याला मी हात लावणार नाही, आणि तुम्हालाही लावू देणार नाही."

तो स्टुलावर बसला. टाकीच्या उघड्या झरोक्यावर त्याने एक हात ठेवला, आणि तो हात खरोखरच थरथरत होता. पाच बोटं, पत्र्यावर टकटक टकटक. तिला दया आली नाही. येईल की काय म्हणून ती जरा थांबली होती, पण नाही आली. तिने हातमोजे पिवळ्या डब्यात टाकले, नियमाप्रमाणे दोनदा हात धुतले, झगा खुंटीला अडकवला. कुठे काही विसरलं नाही ना, म्हणून एकदा टेबलाकडे पाहिलं. टाकी तिथेच होती, तिच्याशिवाय.

"मी एकटा काय करू?" तो मागून म्हणाला.

"उडवा," ती म्हणाली. "तुम्हाला जमतं."